हृदय थांबलेलं असताना

मॉनिटरवरच्या रेषा एकेक करून सपाट होत जातात. रक्तदाबाच्या तांबड्या रेषेवरचे उंचवटे आधी बुटके होतात, मग दिसेनासे होतात, आणि ती रेषा साठ-पासष्टच्या आकड्यापाशी सरळ धावू लागते. बोटाच्या चिमट्यातून येणारा प्राणवायूचा आकडा नाहीसा होतो. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख शून्यावर जातो. शेवटी ईसीजीही आडवा होतो. रुग्णालयातल्या दुसऱ्या कुठल्याही खोलीत हे चित्र दिसलं तर माणसं धावत सुटतील. हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरमध्ये कोणी जागचं हलत नाही. महाधमनीला चिमटा लागलेला असतो, पोटॅशियमचं थंडगार द्रावण हृदयाला मिळालेलं असतं आणि हृदय ठरल्याप्रमाणे थांबलेलं असतं. भूलतज्ज्ञ घड्याळ पाहून वेळ लिहितो आणि तिथून पुढची मिनिटं मोजली जाऊ लागतात.

टेबलावरचा माणूस जिवंत आहे. मात्र जिवंतपणाच्या ज्या खुणा घरातल्या आजीपासून वैद्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतात, त्या नाडी, श्वास आणि अंगाची ऊब, तिन्ही त्याच्याकडून मुद्दाम काढून घेतलेल्या आहेत. ‘बरं वाटतंय का?’ असं त्यालाच विचारण्याची सोय तर भूल चढली तेव्हाच संपली. हृदयशस्त्रक्रियेतल्या भूलतज्ज्ञाचं निम्म्याहून अधिक काम या पोकळीत चालतं. जुन्या खुणा गेल्यावर नव्या उभ्या करायच्या आणि त्यांतली कोणती केव्हा फसवते हे ओळखून असायचं. भूल देणं म्हणजे झोपेचं इंजेक्शन टोचून उशाशी बसून राहणं, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. नातेवाइकांना सर्जनचं नाव पाठ असतं, भूलतज्ज्ञाचं बहुधा माहीतही नसतं. ही समजूत बदलावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून या प्रकरणात आपण शस्त्रक्रिया बघायची ती रुग्णाच्या उशाकडून.

बेशुद्ध माणसाची खबर कशावरून घ्यायची, हा वाद भूलशास्त्राइतकाच जुना आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन शस्त्रक्रियेचं जाहीर प्रात्यक्षिक घडवलं. पुढच्याच वर्षी एडिंबराच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरात आणला. तो द्यायला सोपा होता, वासाला गोड होता, पण धडधाकट माणसं त्याखाली अचानक दगावू लागली. लंडनकडच्या मंडळींचं म्हणणं असं की हृदय बंद पडतं, म्हणून बोट नाडीवर हवं. एडिंबराकडचे म्हणत, आधी श्वास बिघडतो, तेव्हा श्वासाकडे बघा. नाडीत गुंतलात तर वेळ गेलेली असेल. या भांडणाचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारीच घडला. मराठवाडा ज्या संस्थानात होता त्या निजामाच्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी हा एडिंबराच्या परंपरेतला सर्जन होता. त्याच्या पुढाकाराने १८८८ मध्ये आणि पुन्हा १८८९ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. निजाम महबूब अली खान यांनी पैसा पुरवला, दुसऱ्या खेपेला लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरीच्या बाजूने निघाला: श्वास सांभाळा, हृदयाची वेगळी चिंता नको. तो चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्हीने दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाच्या जवनिका, म्हणजे खालचे कप्पे, नुसत्या थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण क्षणात थांबतं. हैदराबादच्या मंडळींनी कष्टात कसूर केली नव्हती. एकाच खुणेवर सगळी भिस्त टाकली, तिथे ते चुकले.

दुसरीकडे अमेरिकेत हार्वे कुशिंग हा विद्यार्थी ईथर देत असताना एक रुग्ण थिएटरमध्येच दगावला. ते त्याच्या मनाला फार लागलं. त्याने आणि अर्नेस्ट कॉडमनने १८९४ च्या सुमारास भूल चालू असताना नाडी आणि श्वास ठरावीक वेळाने कागदावर टिपायला सुरुवात केली. १९०१ मध्ये कुशिंग इटलीला गेला आणि तिथून रिव्हा-रॉची यांचा रक्तदाब मोजायचा पट्टा घेऊन परतला. आज थिएटरमध्ये भरला जाणारा भुलीचा तक्ता त्या कागदाचाच वारस आहे. माझ्या मते भूलशास्त्राच्या इतिहासात या कागदाची किंमत एखाद्या औषधाहून कमी नाही, कारण आकडे एकाखाली एक लिहिल्याशिवाय ते कुठल्या दिशेने चालले आहेत हे दिसत नाही.

हृदयाच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या तेव्हा भूल देणाऱ्याच्या हाताशी नाडी, रक्तदाबाचा पट्टा आणि त्वचेचा रंग याहून फारसं काही नसे. २६ ऑगस्ट १९३८ रोजी बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात रॉबर्ट ग्रॉसने सात वर्षांच्या मुलीची जन्मानंतर मिटायला हवी होती अशी हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधली. तिला सायक्लोप्रोपेन हा स्फोटक वायू देऊन भूल दिली ती बेटी लँक या परिचारिकेने. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आल्फ्रेड ब्लेलॉकने निळसर पडलेल्या बाळावर पहिली शस्त्रक्रिया केली. बाळ इतकं अशक्त होतं की तिथले ज्येष्ठ भूलतज्ज्ञ ऑस्टिन लॅमाँट भूल द्यायला धजले नाहीत. ती मेरल हार्मेल या तरुण डॉक्टरने दिली. पुढे या दोघांनी मिळून अशा रुग्णांच्या भुलीवर १९४६ मध्ये लेख लिहिला. या मुलांच्या ओठांचा रंग टेबलावरच निळ्याचा गुलाबी होई, आणि तोच तेव्हाचा मॉनिटर. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबनने अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं. तेव्हा २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं सगळं काम एका यंत्राने केलं. सुरुवातीला सांगितलेल्या सपाट रेषा भूलतज्ज्ञाच्या वाट्याला आल्या त्या अशा यंत्रामुळेच. पुढे डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला पहिलं हृदयारोपण झालं तेव्हा उशाशी जोसेफ ओझिन्स्की होते, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. या शस्त्रक्रियांच्या गोष्टी सांगताना सर्जनपाशीच थांबण्याची आपली सवय ओझिन्स्कींचं नाव किती जणांना ठाऊक आहे यावरूनच कळते.

आता एक रुग्ण समोर ठेवू. समजा, पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांची महाधमनीची झडप चुना साचून कडक झाली आहे. निरोगी झडप तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते. यांची एक चौरस सेंटिमीटरही उघडत नाही. एवढ्याशा फटीतून रक्त ढकलून ढकलून डाव्या जवनिकेची भिंत जाड झाली आहे. जिना चढताना छाती भरून येते, एकदा अंगणात भोवळ येऊन पडलेही आहेत. उद्या झडप बदलायची आहे.

आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ त्यांना भेटायला वॉर्डात येतो. प्रश्न वरवर विस्कळीत वाटतात. जिना किती चढता? दात हलतोय का, कवळी आहे का? घास गिळताना अडकतो का? माशांची अ‍ॅलर्जी आहे का? इन्सुलिन घेता का, कुठलं? रक्त पातळ करायची गोळी कधी बंद केली? काका शाकाहारी असले तर माशांच्या प्रश्नाने गोंधळतात. पण यातला एकही प्रश्न उगाच नाही. गिळण्याचा आणि माशांचा प्रश्न का, ते ओघात येईलच.

अशा रुग्णाला भूल देण्यातला धोका नीट समजून घ्यायला हवा. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत, आणि ते आत ढकललं जातं महाधमनीतल्या दाबामुळे. भुलीच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब पडतो. आपल्यासारख्याला दाब थोडा पडला तर हृदय जोरात धावून भरपाई करतं. या गृहस्थांना ते जमत नाही, कारण झडपेतून जास्त रक्त जाऊच शकत नाही. दाब पडला की जाड झालेल्या स्नायूला रक्त कमी मिळतं, त्यामुळे स्नायू दुबळा पडतो, त्याने दाब आणखी पडतो. हे चक्र एकदा सुरू झालं तर एकदोन मिनिटांत हृदय बंद पडू शकतं, आणि मग वरून छाती दाबूनही फारसं रक्त पुढे जात नाही, कारण वाट तीच अरुंद झडप. म्हणून इथे औषध थेंबाथेंबाने जातं. एटोमिडेटसारखं रक्तदाब कमी ढळवणारं औषध निवडलं जातं, जोडीला फेंटानिल, आणि रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन किंवा फेनिलेफ्रिन सिरिंजमध्ये तयार असतं. हृदयाचा ताल बिघडू द्यायचा नाही हेही तितकंच महत्त्वाचं. निरोगी हृदयात वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाने जवनिका भरायला साधारण पाचव्या हिश्शाची मदत होते. ताठरलेल्या जाड हृदयात हा वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. ताल गेला की तेवढं रक्त एकदम कमी.

या एकदोन मिनिटांतली घसरण वेळेवर दिसावी म्हणून मनगटातल्या धमनीत बारीक नळी घातली जाते, आणि तीही रुग्ण जागा असताना, जागा बधिर करून. दंडाच्या पट्ट्याने दर काही मिनिटांनी मोजलेला दाब इथे उपयोगाचा नाही. प्रत्येक ठोक्याचा दाब दिसायला हवा. नळीपुढे द्रवाने भरलेली ट्यूब आणि तिच्या टोकाला दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर असतो. हा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर लावावा लागतो. तो दहा सेंटिमीटर खाली घसरला तर मॉनिटर खऱ्यापेक्षा सुमारे साडेसात मिलिमीटर जास्त दाब दाखवतो, वर सरकला तर तितकाच कमी. टेबल वर-खाली केलं आणि स्टँड तिथेच राहिला, तर रुग्णाला काहीही न होता रक्तदाब ‘बदलतो’. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर उंचवट्यांची धार बोथट होते आणि वरचा आकडा खोटा पडतो. म्हणून आकडा अचानक बदलला की जाणता भूलतज्ज्ञ औषधाच्या सिरिंजला हात लावतानाच डोळ्याने ट्रान्सड्यूसरची जागा बघून घेतो.

रुग्ण झोपल्यावर श्वासनलिकेत नळी जाते, मानेतल्या मोठ्या शिरेत सोनोग्राफीच्या मदतीने जाड नळी बसते, लघवीची नळी, नाकातून घशाच्या मागे तापमापक, कपाळावर दोन चिकटपट्ट्या. मानेच्या शिरेतून पुढे फुप्फुसाच्या धमनीपर्यंत जाणारी, टोकाला फुगा असलेली नळीही काही रुग्णांत घालतात. जेरेमी स्वान यांना ती कल्पना सांता मोनिकाच्या समुद्रावर शिडाच्या होड्या पाहून सुचली. १९७० मध्ये त्यांनी आणि विल्यम गँझ यांनी ती जगापुढे मांडली. रक्ताच्या प्रवाहाबरोबर फुगा स्वतःच वाट काढत जातो आणि हृदयाच्या आतले दाब, मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं, हे सगळं सांगतो. वीस-पंचवीस वर्षं ही नळी अतिदक्षतेची ओळखच होऊन बसली. मग २००३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या, धोका जास्त असलेल्या १,९९४ वयस्क रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नळी घातलेल्या रुग्णांचे मृत्यू न घातलेल्यांपेक्षा कमी नव्हते. नळीचे आकडे खोटे होते असं नाही. ते पाहून काय करायचं हे ठरवणारा माणूस बरोबर असेल तरच मोजमापाचा फायदा रुग्णापर्यंत पोचतो. आज ही नळी निवडक रुग्णांसाठी राखून ठेवलेली असते, आणि मला ते योग्य वाटतं.

तिची बरीचशी जागा घेतली ती अन्ननलिकेतून केल्या जाणाऱ्या इकोने, म्हणजे टीईईने. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी लागून उतरते. सोनोग्राफीचं टोक तोंडावाटे तिथवर नेलं की फासळ्या आणि फुप्फुसं मध्ये न येता हृदय स्वच्छ दिसतं. गिळायला त्रास होतो का, हा प्रश्न यासाठी होता. अन्ननलिका अरुंद किंवा जखमी असेल तर ही नळी तिला फाडू शकते. टीईईवर भूलतज्ज्ञ झडप बघतो, भिंतींची हालचाल बघतो आणि महाधमनीच्या आतल्या बाजूला चरबीचे थर किती आहेत तेही बघतो, कारण तिथेच थोड्या वेळाने सर्जन नळी घालणार आहे आणि सुटलेला तुकडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो. मात्र श्वासनलिकेतली हवा आड येत असल्याने महाधमनीचा नेमका एक टापू टीईईला दिसत नाही. तो बघायला छाती उघडल्यावर महाधमनीवरच सोनोग्राफी टेकवावी लागते.

छातीचं मधलं हाड करवतीने कापताना फुप्फुसं क्षणभर फुगवणं थांबवतात, म्हणजे ती पात्याखाली येत नाहीत. या वेळी भूल उथळ असेल तर रक्तदाब भडकतो. मग हृदय उघडं पडतं आणि हृद्-फुप्फुस यंत्राला जोडण्याआधीचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द ऐकू येतो: हेपारिन. रक्त प्लास्टिकच्या नळ्यांना लागलं की गोठतं, म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोमागे तीनशे ते चारशे युनिट हेपारिन शिरेतून दिलं जातं. ‘दिलं’ एवढं पुरत नाही. काही मिनिटांनी रक्ताचा नमुना घेऊन ते गोठायला किती सेकंद लागतात ते बघतात; याला एसीटी म्हणतात. एरवी हा आकडा शंभर-सव्वाशेच्या घरात असतो. बहुतेक ठिकाणी तो ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय यंत्र सुरू करत नाहीत. औषध चुकून शिरेबाहेर गेलं असेल किंवा रुग्णावर त्याचा असर कमी होत असेल, तर ते इथेच कळायला हवं. यंत्रात गुठळी झाली तर परतीचा रस्ता नाही.

यंत्र चालू होतं. शिरांतलं रक्त नळीवाटे खाली जातं, ऑक्सिजनेटरमधून तांबडं होऊन महाधमनीत परत येतं. फुप्फुसांना आता काम नाही, व्हेंटिलेटर थांबतो. बोटाचा चिमटा का गप्प होतो, तेही समजून घेण्यासारखं आहे. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं. ते वेगळंच काही मोजत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या मापात सतत व्यत्यय येत होता. हा व्यत्ययच कामाचा आहे हे त्यांनी ओळखलं: तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवले आणि ठोक्यागणिक बदलणारा भाग तेवढा वेगळा काढला, तर तो फक्त धमनीतल्या रक्ताचा असतो. कोविडच्या काळात घराघरांत पोचलेलं हे यंत्र ठोक्यावर जगतं. हृद्-फुप्फुस यंत्र रक्त सलग ढकलतं, ठोका नाही, म्हणून आकडा नाही. कार्बन डायऑक्साइडचा आलेख शून्यावर, कारण फुप्फुसांतून रक्तच जात नाही. ईसीजी सपाट, आणि तो सपाट राहायलाच हवा. बारीक लहरी दिसू लागल्या तर स्नायू जागा होऊन साठवलेली ऊर्जा खर्च करतोय, थंड द्रावणाचा पुढचा डोस हवा, असा त्याचा अर्थ. एरवी ज्या खुणेला आपण मृत्यू म्हणतो तीच इथे हृदय सुरक्षित असल्याची खूण आहे.

मग रुग्णाची खबर कोण देतं? पहिला, सरासरी रक्तदाब, साधारण पन्नास ते सत्तरच्या दरम्यान राखलेला. दुसरा, यंत्राचा प्रवाह: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे २.२ ते २.४ लिटर. पण दाब आणि प्रवाह ठीक असूनही पेशींना प्राणवायू पुरतोच असं नाही, कारण यंत्रातल्या द्रवाने रक्त पातळ झालेलं असतं. म्हणून शरीराकडून परत येणाऱ्या रक्तात किती प्राणवायू उरला आहे ते यंत्र चालवणारा परफ्युजनिस्ट बघत राहतो. तो सत्तर टक्क्यांच्या खाली उतरू लागला तर शरीर ओरबाडून घेतंय असं समजायचं. दर अर्ध्या तासाला रक्ताचा नमुना: आम्लता, पोटॅशियम, साखर, हिमोग्लोबिन, लॅक्टेट. लघवीची पिशवी. आणि कपाळावरच्या त्या दोन पट्ट्या, ज्या अवरक्त प्रकाशाने मेंदूच्या पुढच्या भागातला प्राणवायू अंदाजतात. यांना नाडी लागत नाही, म्हणून या काळात त्या चालू राहतात. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी घसरण झाली की शोध सुरू होतो.

हा शोध कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे. समजा, पट्ट्यांचा आकडा उतरला, पण रक्तदाब आणि प्रवाह जागच्या जागी आहेत. मानेच्या शिरेतला दाब बघितला तर तो शून्याजवळ असायच्या ऐवजी वीसवर चढलाय. भूलतज्ज्ञ हिरवं कापड उचलून चेहरा बघतो: फुगलेला, जांभळट. म्हणजे डोक्याकडून रक्त परत आणणारी नळी अडली आहे. हृदय उचलताना ती वळली असेल. सर्जनला सांगायचं, नळी सरळ होते, आकडे सावरतात. रक्त महाधमनीतून मेंदूकडे जात होतं, बाहेर पडत नव्हतं, आणि रक्तदाबाच्या मोठ्या आकड्यात याचा मागमूस नव्हता. इतक्या उपकरणांनंतरही शेवटी कापड उचलून चेहरा बघावा लागतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

भूलही या वेळी निसटती असते. वायुरूप औषध फुप्फुसांतून द्यायचं तर फुप्फुसं बंद आहेत, म्हणून ते ऑक्सिजनेटरमधून द्यावं लागतं किंवा शिरेतून प्रोपोफॉल चालू ठेवावं लागतं. शरीर थंड केलेलं असतं, साधारण ३२ ते ३४ अंशांपर्यंत; महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत तर रक्ताभिसरणच काही वेळ थांबवण्यासाठी २० अंशांच्या आसपास. थंडीत मेंदूला भूल कमी लागते. काम संपून शरीर तापवायला घेतलं की मेंदू लवकर उबदार होतो आणि भूल तेवढीच राहिली तर अपुरी पडते. रुग्ण हलू शकत नाही, कारण स्नायू शिथिल केलेले असतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत, २०१४ च्या अहवालानुसार, भुलीत जाग आल्याचं नंतर सांगणारे रुग्ण एकंदर सुमारे १९,००० भुलींमागे एक होते. हृदय-छातीच्या शस्त्रक्रियांत मात्र सुमारे ८,६०० मागे एक. म्हणून मेंदूच्या विद्युतलहरींवरून भुलीची खोली सांगणारा बीआयएसचा आकडा ४० ते ६० मध्ये ठेवतात. तापवण्यातही घाई नको: यंत्रातून येणारं रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण तापलेला मेंदू इजेला लवकर बळी पडतो.

नवी झडप बसली, चिमटा सुटला. पण यंत्रापासून सुटण्याआधी हृदयात अडकलेली हवा काढायला हवी. टीईईच्या पडद्यावर ती पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. पाठीवर झोपलेल्या माणसात उजवी हृदयधमनी वरच्या बाजूला येते आणि हवा वरच जाते. म्हणून ईसीजीत अचानक बदल आणि उजवी जवनिका सुस्त दिसली तर बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. दाब थोडा चढवून ती पुढे सरकू द्यायची. व्हेंटिलेटर सुरू होतो. यंत्राचा प्रवाह हळूहळू कमी केला जातो. कार्बन डायऑक्साइडचा आलेख शून्यावरून उठू लागतो, म्हणजे फुप्फुसांतून रक्त परत वाहू लागलं आहे.

आणि आता, समजा, रक्तदाब पडतो. सत्तर, मग साठ. हृदय थकलंय, अ‍ॅड्रिनॅलिन वाढवा, असं हा आकडा सुचवतो. वाढवलं, तर दाब आणखी पडतो. टीईईवर बघितलं तर जवनिका अशक्त नाहीच, उलट ती इतक्या जोराने मिटतेय की आतली पोकळी जवळजवळ नाहीशी होतेय, आणि शेजारच्या झडपेचा पडदा ओढला जाऊन रक्ताची वाट अडवतोय. वर्षानुवर्षं अरुंद फटीशी झुंजलेल्या जाड स्नायूपुढची अडचण एकाएकी दूर झाली की असं होऊ शकतं. उपाय नेमका उलटा: अ‍ॅड्रिनॅलिन बंद, रक्त किंवा द्रव भरून पोकळी मोठी करायची, ठोके संथ करायचे, रक्तवाहिन्या आवळायच्या. मॉनिटरवर तोच साठचा आकडा आणि त्याला दोन विरुद्ध उपचार, एक वाचवणारा, एक मारणारा. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे यंत्रावरून उतरल्यावर काही काळ मनगटातला दाब महाधमनीतल्या दाबापेक्षा बराच कमी दिसू शकतो. अशा वेळी सर्जन महाधमनीवर बोट ठेवून सांगतो, ‘इथे दाब चांगला आहे.’ हैदराबादच्या वादातलं नाडीवरचं बोट अजून थिएटरमध्ये आहे.

भारतात बायपासच्या पुष्कळ शस्त्रक्रिया यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावरच होतात. तिथे सपाट रेषा नसतात, पण मागच्या बाजूची धमनी शिवायला हृदय उचलून धरलं की त्यात रक्त नीट भरत नाही आणि दाब कोसळतो. टेबल डोक्याकडून खाली करणं, द्रव देणं, थोडं औषध, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ‘सर, हृदय खाली ठेवा’ असं स्पष्ट सांगणं, हे सगळं भूलतज्ज्ञाकडे येतं.

पुन्हा आपल्या गृहस्थांकडे येऊ. यंत्र सुटलं की हेपारिनचा असर उतरवायचा. त्यासाठीचं प्रोटामिन सॅमन माशाच्या शुक्रद्रव्यातून मिळालं, म्हणून कालचा माशांचा प्रश्न. काही प्रकारच्या इन्सुलिनमध्येही प्रोटामिन असतं. वर्षानुवर्षं ते घेणाऱ्याच्या शरीराची त्याच्याशी ओळख झालेली असू शकते, आणि मग तीव्र अ‍ॅलर्जी, फुप्फुसांतला दाब भडकणं, रक्तदाब कोसळणं हे धोके वाढतात. म्हणून प्रोटामिन साधारण दहा मिनिटांत, सावकाश देतात. देण्याआधी भूलतज्ज्ञ मोठ्याने सांगतो, ‘प्रोटामिन सुरू करतोय’, आणि परफ्युजनिस्टचं उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही. शस्त्रक्रियेच्या जागेतलं रक्त यंत्रात ओढणाऱ्या नळ्या चालू राहिल्या तर प्रोटामिन यंत्रात पोचेल, तिथलं रक्त गोठेल, आणि तेच यंत्र पुन्हा लागलं तर हाताशी काही उरणार नाही. एका वाक्याच्या उच्चारावर इतकं अवलंबून असणारा क्षण वैद्यकात क्वचितच असेल.

आयसीयूत रुग्ण पोचतो तो झोपेतच. १९६९ मध्ये बोस्टनच्या एडवर्ड लोवेनस्टाइन यांनी मॉर्फिनच्या खूप मोठ्या डोसावर हृदयशस्त्रक्रिया सुरक्षितपणे होऊ शकते हे दाखवलं. हृदय त्याने ढळत नसे, पण रुग्ण दुसऱ्या दिवसापर्यंत व्हेंटिलेटरवर राहत. आता औषधं बेताने देतात. अंग उबदार झालं, छातीतल्या नळ्यांमधून येणारं रक्त आटलं, दाब टिकला की झोपेचं औषध थांबवून कित्येकांची श्वासनळी सहाएक तासांत काढतात. त्याआधी सिस्टर विचारतात, ‘काका, डोळे उघडा. माझा हात दाबा. आता डावा पाय हलवा.’ मेंदूला इजा झाली का, याचं खात्रीचं उत्तर थिएटरमधल्या कुठल्याही उपकरणाकडे नव्हतं; चार तास सगळे अंदाजावर चालले होते. ते उत्तर आता रुग्ण स्वतः देतो. पुढचे दोन-तीन दिवस मात्र ईसीजीच्या तारा छातीवर राहतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांच्या हृदयाचा ताल बिघडतो, वरचे कप्पे नुसते थरथरू लागतात, आणि या गृहस्थांच्या जाड, ताठर जवनिकेला भरण्यासाठी त्या कप्प्यांची मदत अजूनही तितकीच लागते.